वाटप वर्षातून एकदा, पाळी दर महिन्याला



एका महिला दिनाची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारासमोर सॅनिटरी पॅड वाटपाचा कार्यक्रम होता. संस्था बाहेरची, पण माणसं भली होती. बॅनर लागला, खुर्च्या मांडल्या, बाबासाहेबांच्या आणि सावित्रीमाईंच्या प्रतिमांना हार घातले. भाषणात एक ताई म्हणाल्या, "कपडा घाणेरडा असतो, कपडा वापरू नका, पॅड वापरा." मग आठवी ते दहावीच्या पोरींना रांगेत उभं करून एकेक पाकीट दिलं. फोटो काढणारा म्हणाला, "पाकीट जरा वर धरा, नाव दिसू द्या." पोरींनी पाकिटं वर धरली आणि माना खाली घातल्या. प्रत्येक पाकिटात आठ पॅड होते.

दोन महिन्यांनी त्या रांगेतल्या एका मुलीला घेऊन तिची आई माझ्याकडे आली. "सिस्टर, हिला चालता येईना." तपासलं तर दोन्ही जांघा सोललेल्या, आजूबाजूला पुरळ, खाज आणि वास येणारा स्राव. विचारलं, पॅड किती वेळाने बदलतेस? ती काही बोलेना. शेवटी आईनेच सांगितलं. ताईंनी कपडा घाणेरडा म्हटल्यावर पोरीने घरातल्या सगळ्या घड्या टाकून दिल्या. आठ पॅड दोन महिने पुरवायचे म्हणून सकाळी लावलेला पॅड ती रात्री काढायची, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. तिसऱ्या महिन्यात पॅडही नव्हते आणि कपडाही नव्हता. चार दिवस शाळा बुडली.

पोरीचा दोष नव्हता. तिने सांगितलं तसंच केलं. संस्थेचा हेतूही वाईट नव्हता. पण या मदतीने तिच्या हातात होतं तेही गेलं. नर्सिंग शिकताना आम्हाला पहिल्यांदा सांगत, रुग्णाचं भलं करता आलं नाही तरी चालेल, नुकसान करू नका. पॅड वाटणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य पाठ करावं, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

पाळीच्या वेळी लागणाऱ्या साध्या वस्तू, पाणी, आडोसा आणि विश्रांती न परवडणं किंवा न मिळणं, याला आजकाल "पाळीची गरिबी" म्हणतात. शब्द नवा आहे, पण दुखणं आपल्या आज्यांनीही भोगलं आहे. ती संपवायला संस्था, कंपन्या, मंडळं पुढे येताहेत. माझं म्हणणं असं आहे की त्यांची मदत आपण जरूर घ्यावी, पण ती आपल्या अटींवर घ्यावी. वर्षातून एकदा पाकीट वाटून ही गरिबी संपत नाही. ती संपते दर महिन्याच्या सोयीने, आणि ती सोय हक्काची असावी लागते.

आधी हिशेब करू

पॅड असो की कपडा, चार ते सहा तासांनी बदलायला हवा. पाच दिवस पाळी धरली आणि दिवसाला तीन-चार पॅड धरले, तर महिन्याला पंधरा ते वीस पॅड लागतात. म्हणजे वाटपातलं आठाचं पाकीट जेमतेम अर्धी पाळी पुरतं. दुकानात साधा पॅड चार-पाच रुपयांच्या आत मिळत नाही. एका बाईचे महिन्याला साठ ते शंभर रुपये झाले. घरात आई आणि दोन मुली असतील तर दोनशे-तीनशे रुपये. धुणीभांडी करणाऱ्या किंवा नाक्यावर उभं राहणाऱ्या बाईच्या घरात हा जवळजवळ एक दिवसाचा रोज असतो. आधी गॅस, मग फी, मग औषध, आणि शेवटी उरलं तर पॅड.

म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा 2019-21 चा आकडा मला आश्चर्याचा वाटत नाही. देशातल्या 15 ते 24 वयाच्या मुलींपैकी 64 टक्के मुली पॅड वापरतात आणि 50 टक्के मुली कपडा वापरतात, असं त्यात आलं. बेरीज शंभराच्या वर जाते, कारण पुष्कळ मुली दोन्ही वापरतात. शाळेत जाताना पॅड आणि घरी आल्यावर कपडा. याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. हातात किती पैसे आहेत हे पाहून केलेलं ते शहाणं नियोजन आहे.

म्हणूनच कपड्याला नावं ठेवणं थांबवलं पाहिजे. सुती, मऊ कपडा साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवला, तर तो वापरायला चांगला आहे. घाण कपड्यात नसते. कपडा लपवून वाळवावा लागतो, घाण तिथे तयार होते. दहा बाय दहाच्या खोलीत सासरा, दीर, भाऊ यांच्यासमोर तो दोरीवर टाकता येत नाही, म्हणून बाई तो साडीखाली, पलंगाखाली, मोरीच्या कोपऱ्यात वाळत घालते. ओलसर राहिलेल्या कपड्यात बुरशी आणि जंतू वाढतात, आणि मग खाज, पुरळ, अंगावरून पांढरं जाणं सुरू होतं. घरातल्या पुरुषांनी एवढं समजून घेतलं आणि ती घडी उन्हात वाळू दिली, तर एक पैसाही न खर्चता निम्मी दुखणी कमी होतील.

चांगली मदत कशी असते

मदत करणारे सगळे सारखे नसतात. काहींनी विचार करून काम केलं आहे आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

दिल्लीची गूंज ही संस्था अंशु गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केली. शहरांतून आलेल्या जुन्या सुती कपड्यांपासून ते पाळीच्या घड्या तयार करतात. या कामाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी कपड्याला कमी लेखलं नाही. शिवाय, इतर कपडे देतानाही गावाने आपल्याच गरजेचं एखादं काम करायचं, विहीर साफ करायची, रस्ता नीट करायचा, आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे, अशी पद्धत ठेवली. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा विचार त्यामागे आहे. गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनाथम यांनी स्वस्त पॅड बनवणारं छोटं यंत्र तयार केलं आणि ते बचत गटांच्या हातात जावं असा आग्रह धरला. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढे त्यांच्या जीवनावर सिनेमाही आला. पण असं यंत्र धूळ खात पडलेलंही मी पाहिलं आहे. देणाऱ्यांनी यंत्र दिलं, उद्घाटन केलं आणि ते गेले. कच्चा माल कुठून आणायचा, विजेचं बिल कोण भरणार, माल विकायचा कुठे, याचा विचार कुणी केला नव्हता.

केरळात अलप्पुळा नगरपालिकेच्या हद्दीत 2019 मध्ये एका सरकारी कंपनीच्या सामाजिक निधीतून पाच हजार बायांना मासिक पाळीचे कप दिले गेले. कप एकदा घेतला की काही वर्षं चालतो आणि कचराही होत नाही. तिथे नुसते कप दिले नाहीत, कप कसा घालायचा, कसा काढायचा, कसा उकळायचा हे शिकवलं. आपल्या वस्तीत कप आणायचा तर आधी दोन गोष्टी बोलाव्या लागतील. पहिली, प्रत्येक पाळीच्या आधी आणि नंतर तो पाण्यात उकळावा लागतो, आणि बारा तासांच्या आत रिकामा करून धुवावा लागतो. पाणी आणि आडोसा नसेल तर कप नको. दुसरी, कप घातल्याने मुलगी "बिघडते" ही भीती. ती खोटी आहे, पण भाषण करून जात नाही, शेजारच्या बाईने स्वतः वापरून सांगितलं की जाते.

सगळ्यात मोठा धडा मात्र परदेशातला आहे. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एक संस्था केनियातल्या गरीब मुलींसाठी पॅड पाठवत असे. 2017 मध्ये त्यांच्याच भागातल्या एका शाळेने त्यांना कळवलं की आमच्याकडेही मुली पाळीत शाळेला येत नाहीत, कारण त्यांच्याकडे पॅड नाहीत. एवढ्या श्रीमंत देशात हे ऐकून लोक हादरले. त्याच वर्षी शेजारच्या स्कॉटलंडमध्ये, अॅबरडीन शहरात, सरकारच्या पैशाने आणि एका सेवाभावी संस्थेच्या मदतीने मोफत पॅड देण्याचा प्रयोग झाला. 2018 पासून शाळा-कॉलेजांत ते मोफत मिळू लागले. मोनिका लेनन या आमदारबाईंनी विधेयक आणलं, ते नोव्हेंबर 2020 मध्ये एकमताने मंजूर झालं आणि 15 ऑगस्ट 2022 पासून ज्याला लागेल त्याला पाळीच्या वस्तू मोफत देणं ही तिथे कायद्याने जबाबदारी झाली. जगात असं करणारा तो पहिला देश.

यातला क्रम पाहा. आधी कुणाची तरी मदत, मग सरकारचा प्रयोग, मग कायदा. मदत ही सुरुवात होती. आपल्याकडे मदत सुरू होते आणि फोटोवर संपते.

सरकारने काय दिलं आणि ते कुठे अडतं

आपल्याकडे योजनाच नाहीत असं नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात 2011 पासून ग्रामीण मुलींना आशाताईंमार्फत सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना देण्याची योजना आली. महाराष्ट्रात 8 मार्च 2018 ला अस्मिता योजना सुरू झाली, तिच्यात जिल्हा परिषद शाळांतल्या 11 ते 19 वर्षांच्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांना, बचत गटांमार्फत मिळत. दोन्ही योजना ग्रामीण भागासाठी. शहरातल्या वस्तीत राहणारी मुलगी त्यात बसत नाही. शाळा सोडून कामाला लागलेली मुलगीही शाळेच्या यादीत नसते. जिला सगळ्यात जास्त गरज तीच यादीबाहेर, हे आपल्याला नवीन नाही.

2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा पॅडवर 12 टक्के कर लावला होता. बायांनी देशभर आवाज उठवला आणि जुलै 2018 मध्ये तो काढला गेला. आवाज उठवल्याने होतं, हे लक्षात ठेवा.

जनऔषधी केंद्रात "सुविधा" नावाचा पॅड ऑगस्ट 2019 पासून एक रुपयाला केला आहे. पंधरा पॅडचे पंधरा रुपये. ही आपल्या कामाची गोष्ट आहे, पण वस्तीत किती घरांना माहीत आहे? केंद्र वस्तीत नसतं, रिक्षाचे पैसे पॅडपेक्षा जास्त होतात, आणि काउंटरवर पुरुष असला की मुलगी परत फिरते. एकेक मुलीने जाण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकदाच आणणं सोपं आहे. त्याविषयी पुढे सांगते.

2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला शाळकरी मुलींच्या पाळीच्या स्वच्छतेसाठी देशभर एकसारखं धोरण तयार करायला सांगितलं. म्हणजे हा आता कुणाच्या दयेचा विषय राहिलेला नाही, न्यायालयाच्या दारातला विषय झाला आहे.

पॅड हातात, पण बदलायचा कुठे?

समजा, उद्या प्रत्येक बाईला वीस पॅड मिळाले. ती ते बदलणार कुठे? वस्तीच्या सार्वजनिक संडासात कडी नाही, दिवा नाही, आत नळ नाही, डबा नाही. रात्री कुलूप. दिवसा प्रत्येक वेळेला पैसे. मुंबईत "राईट टू पी" चळवळीतल्या बायांनी हाच प्रश्न विचारला होता की पुरुषांची मुतारी फुकट आणि बायांना पैसे का? पाळीत बाईला चार वेळा जावं लागतं. पैसे वाचवायला आणि अंधार टाळायला ती पाणी कमी पिते, लघवी दाबून धरते, पॅड तसाच ठेवते. मग लघवीला जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं. वॉर्डात ड्युटी करताना अशा किती जणी पाहिल्या त्याची मोजदाद नाही.

पाण्याचा प्रश्न आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते कुणाकडे मागून नाही. ते तळं सार्वजनिक होतं आणि त्यावर आपला हक्क होता. संडासातला नळ, कडी आणि दिवा हीसुद्धा सार्वजनिक वस्तू आहे. पालिकेकडे ती मागताना भीक मागितल्यासारखं का वाटावं?

आणि वापरलेला पॅड टाकायचा कुठे? डबा नसला की तो नाल्यात जातो नाहीतर साध्या पिशवीतून घंटागाडीत. तो उचलणारे हात कुणाचे? बहुतेक आपल्याच बाया. पुण्यातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या आणि "स्वच्छ" संस्थेच्या कचरावेचक बायांनी हा प्रश्न मांडला. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला तो उघडावा लागणार नाही, एवढंच त्यांचं मागणं. त्यांनी वापरलेले पॅड कंपन्यांकडे परतही पाठवले, की तुम्ही विकता तर विल्हेवाटीचीही जबाबदारी घ्या. 2016 च्या घनकचरा नियमांत पॅड गुंडाळून टाकायला वेष्टन देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. जी संस्था वस्तीत हजार पॅड वाटते आणि एक डबाही देत नाही, ती एका दलित बाईची सोय करून दुसऱ्या दलित बाईच्या हातात घाण देते.

गरिबी पॅडची नाही, मजुरीचीही

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गोष्ट 2019 मध्ये सगळ्या देशाने वाचली. नवरा-बायको मिळून एक "कोयता". उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीत अंग दुखतं, रक्त जास्त जातं, फडात पाणी नाही, आडोसा नाही. खाडा नको म्हणून बाया तरुण वयात गर्भाची पिशवीच काढून घेत होत्या. सरकारी समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांना कुणी पॅडचं पाकीट दिलं असतं तर हे थांबलं असतं का? नाही. त्यांना पाळीत बिनपगारी न होणारी रजा, पाणी, आडोसा आणि खरं बोलणारा डॉक्टर हवा होता. वस्तीतल्या बायांनाही सांगते, कुणी "पिशवी काढून टाका" म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखलं होतं. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडलं की बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा. जुलै 1942 मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तिथे आपल्या आज्यांनी गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका यांतल्या कामगार बायांसाठी रजेची मागणी केली. त्यांनी साडी मागितली नाही, भांडी मागितली नाहीत. रजा मागितली. त्यांच्या नातींनी पाकिटावर समाधान मानावं का?

धम्म काय सांगतो

काही वाचक म्हणतील, धम्मात दानाला मोठं स्थान आहे, तुम्ही दानालाच नावं ठेवता. मी दानाला नावं ठेवत नाही. दान कसं असावं ते धम्मातूनच सांगते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्खुणींना पाळीच्या वेळी वापरायला वेगळं कापड ठेवण्याची आणि ते बांधायला कमरेची दोरी वापरण्याची अनुमती दिली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी! विटाळ नाही, बाहेर बसणं नाही, फक्त गरज ओळखून केलेली सोय. भिक्खुणींच्या नियमांत आणखी एक सुंदर गोष्ट आहे. पाळी आलेल्या भिक्खुणींसाठी संघात एक सामाईक कापड असे. थुल्लनंदा नावाची भिक्खुणी ते स्वतःकडेच ठेवू लागली आणि बाकीच्यांना मिळेना. तेव्हा नियम झाला की दोन-तीन रात्री वापरायचं, चौथ्या दिवशी धुऊन जिला गरज आहे तिच्यासाठी सोडायचं.

कुणीतरी ते कापड दान दिलं असेलच. पण एकदा संघात आल्यावर ते सगळ्यांचं झालं. घेणारीला कुणाचे आभार मानावे लागत नव्हते, कुणासमोर उभं राहावं लागत नव्हतं. माझ्या मते दान असं असावं.

आणि आपण? बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारे काढले, तरी अजून काही घरांत पाळी आलेली मुलगी वंदनेला बसत नाही, विहारात येत नाही, लोणच्याला हात लावत नाही. विचारलं तर म्हणतात, "आमच्यात चालत नाही." आमच्यात म्हणजे कुणात? ज्या मनुस्मृतीने बाईला विटाळाची ठरवलं ती महाडला 25 डिसेंबर 1927 ला जाळली गेली. तिची राख अजून आपल्या स्वयंपाकघरात उडते आहे. आधी ती झाडून काढू या.

तर मग काय करायचं?

पहिलं काम आपलं आपण. विहाराच्या महिला मंडळाने पाळीची पेटी सुरू करावी. शंभर घरांनी महिन्याला वीस रुपये दिले तर दोन हजार रुपये होतात. जनऔषधीच्या भावाने त्यात दोन हजार पॅड येतात, म्हणजे महिन्याला शंभरावर बाया-मुलींची पूर्ण सोय. पेटी अशा ठिकाणी ठेवा जिथे मुलगी कुणाला न विचारता हात घालू शकेल. नावाची वही ठेवू नका. पेटीत पॅडसोबत धुतलेल्या सुती घड्या, साबण, जुने वर्तमानपत्र आणि नव्या चड्ड्याही ठेवा. पॅड चिकटवायला धड चड्डी नसते, ही गोष्ट कुठल्याच वाटपवाल्याच्या लक्षात येत नाही.

चैत्यभूमीवर हारफुलांऐवजी "एक वही, एक पेन" आणण्याची चांगली प्रथा आपल्या तरुणांनी सुरू केली. 14 एप्रिलला डीजेवर होणाऱ्या खर्चाचा थोडा भाग या पेटीत आला तर वर्षभराची सोय होईल. वही-पेनासोबत पॅडचं एक पाकीट आणायला काय हरकत आहे? आणि ते पुरुषांनीही आणावं.

दुसरं, मदत देणाऱ्यांना अटी सांगायच्या. निदान वर्षभर दर महिन्याला द्या, नाहीतर पेटीत द्या आणि वाटपाचं आमच्यावर सोडा. मुलींचे फोटो नकोत. कपडा वाईट असं बोलायचं नाही. पॅड, कपडा की कप, हे बाई ठरवेल. पॅडसोबत डबा आणि तो उचलण्याची व्यवस्था हवी. हे ऐकून कुणी परत गेला तर जाऊ द्या.

तिसरं काम पालिकेकडचं. संडासाच्या प्रत्येक दाराला आतून कडी, दिवा, नळ, झाकणाचा डबा, बायांना मोफत आणि रात्रभर प्रवेश. एवढ्या मागण्यांचा एक साधा अर्ज लिहा, पन्नास बायांच्या सह्या घ्या, वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्या. पोचेशिवाय परत येऊ नका. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा की वस्ती सुधारणेचा आणि महिला-बालकल्याणाचा पैसा कुठे खर्च झाला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कमानीला पैसे असतात, मग कडीला का नसावेत?

शेवटी दवाखान्याचं. दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, पाळी सात दिवसांवर जात असेल, मोठ्या गाठी पडत असतील, वासाचा स्राव, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर लाजू नका, दाखवा. महाराष्ट्रात 15 ते 49 वयातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको.

ज्या मुलीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिच्या जखमा पंधरा दिवसांत भरल्या. आम्ही पेटी सुरू केली तेव्हा घड्या शिवायला तीच पहिली बसली. पुढच्या महिला दिनाला तीच संस्था पुन्हा आली. फोटोवाल्याने रांग लावायला सांगितली, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, पाकिटं पेटीत टाका. ज्यांना लागतील त्या घेतील." तो मिनिटभर बघत राहिला. मग त्याने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि खोकी आत आणून ठेवायला मदत केली.

जय भीम. नमो बुद्धाय.